डबीवर तसं का छापलं होतं? कंडोमच्या विक्रीविषयी फिरणाऱ्या मेसेजचा प्रतिवाद

गेले काही महिने एक मेसेज या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरतो आहे. वर एका जुन्या गोल पत्र्याच्या डबीचा फोटो आणि खाली मजकूर. त्याचा गोषवारा असा: ‘कंडोमचा शोध इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्या पदरी असलेल्या डॉक्टर कंडोम यांनी लावला. तेव्हापासून तीनशे वर्षं ही वस्तू चोरूनच विकली गेली, कारण समाजाला लाज होती. ओळखू येऊ नये म्हणून ती औषधाच्या डबीसारख्या डबीत लपवून देत. डबीवर “फक्त रोगप्रतिबंधासाठी” असं छापत, कारण मूल होऊ नये म्हणून हे वापरावं असा विचार तेव्हा कुणाच्या मनातही येत नसे. उघड विक्री, जाहिराती, मशीन ही सगळी १९६० नंतरची थेरं. आणि एक्स्पायरी डेट ही तर कंपन्यांची कमाईची युक्ती. पूर्वी एकच कंडोम धुऊन वर्षानुवर्षं वापरत आणि कुणाचं काही बिघडत नसे.’

मेसेज चटकन पटतो, कारण त्यात खऱ्याचे तुकडे आहेत. पत्र्याच्या डब्या होत्या. त्यांच्यावर ते वाक्य छापलेलंही होतं. धुऊन वापरणंही खरं. चुकलं आहे ते प्रत्येक ठिकाणी दिलेलं कारण. लाज ही जणू जुन्या काळाची नैसर्गिक अवस्था होती आणि उघडपणा हा नवा बिघाड, असं या मजकुरातून ठसवलं जातं. प्रत्यक्षात कंडोमच्या डबीवर काय छापायचं, ती कुणी विकायची, काउंटरवर ठेवायची की काउंटरखाली, हे बहुतेक वेळा कायद्यांनी आणि खटल्यांनी ठरवलं. शेवटचा मुद्दा तर सरळ घातक आहे; तो वाचून कुणी वागलं तर आजार किंवा नको असलेलं गरोदरपण पदरी पडेल. म्हणून हे सविस्तर उत्तर.

‘शोध डॉक्टर कंडोम यांनी लावला.’

यावर फार वेळ घालवायला नको. दुसरा चार्ल्स गादीवर आला १६६० साली. त्याच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी, १५६४ मध्ये, इटलीतले शरीररचनेचे प्राध्यापक गाब्रिएले फालोप्पिओ यांचं उपदंशावरचं, म्हणजे सिफिलिस या गुप्तरोगावरचं, लेखन त्यांच्या मृत्यूनंतर छापून आलं. स्त्रीच्या शरीरातल्या बीजवाहिन्यांना वैद्यकात ज्यांचं नाव आहे, तेच हे. द्रावणात भिजवून वाळवलेल्या लिननच्या आवरणाची माहिती त्यात आहे, आणि ते ११०० पुरुषांना वापरायला देऊन एकालाही लागण झाली नाही असा त्यांचा दावाही आहे. इंग्लंडमधल्या डडलीच्या किल्ल्यात उत्खनन झालं तेव्हा शौचकूपाच्या गाळात प्राण्याच्या आतड्याचे कंडोम सापडले. तो कूप यादवी युद्धाच्या काळात, १६४७च्या सुमारास, बुजलेला होता. चार्ल्स तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा होता. शब्दाचं म्हणाल, तर डॅनियल टर्नर या लंडनच्या वैद्याने १७१७ साली तो उपदंशावरच्या ग्रंथात वापरलेला आढळतो. विल्यम क्रुक या अमेरिकी अभ्यासकाने या शब्दाचा माग काढण्यात बराच काळ घालवला आणि १९८१ साली निष्कर्ष छापला: असा कुणी राजवैद्य सापडत नाही, आणि शब्दाचं मूळही ठरवता येत नाही.

‘तीनशे वर्षं चोरूनच विकलं गेलं.’

अठराव्या शतकातल्या लंडनला जाऊ. स्ट्रँड या गजबजलेल्या रस्त्याच्या आसपास, हाफ मून स्ट्रीटवर, मिसेस फिलिप्स नावाच्या बाई कंडोमचं दुकान चालवत. दुकानाची खूण होती हिरवा डबा. त्या छापील पत्रकं वाटत. त्या पत्रकांत मालाला ‘सुरक्षिततेची साधनं’ म्हटलेलं असे आणि ग्राहक कोण कोण, तेही लिहिलेलं असे: औषधविक्रेते, परदेशी पाहुणे, राजदूत, सफरीवर निघालेले जहाजांचे कप्तान. म्हणजे किरकोळ विक्री होती, घाऊक विक्री होती आणि परदेशी जाणाऱ्यांसाठी वेगळा पुरवठाही होता. त्यांना मिसेस पर्किन्स या प्रतिस्पर्धी भेटल्या, आणि अस्सल माल कुणाचा यावरून दोघींची पत्रकांमधूनच जुंपली. ज्या वस्तूच्या अस्सलपणावरून छापील भांडण होतं ती वस्तू चोरून विकली जात होती, हे म्हणणं टिकत नाही.

तेव्हाचे कंडोम मेंढीच्या आतड्याच्या एका भागापासून बनत. ते पाण्यात भिजवून मऊ करावे लागत आणि उघड्या टोकाला फितीने बांधावे लागत. जेम्स बॉसवेल या लेखकाच्या लंडनच्या रोजनिशीत १७६३ साली त्यांचा उल्लेख ‘चिलखत’ म्हणून येतो. प्रेमप्रकरणांसाठी गाजलेला इटालियन कॅसानोव्हा ते फुगवून भोक आहे का ते पाहत असे. आजच्या कारखान्यांतली हवेची चाचणी याच तत्त्वावर चालते. आणि ओशाळलेपणा नव्हता असं माझं म्हणणं नाही. इंग्रज कंडोमला ‘फ्रेंच पत्र’ म्हणत आणि फ्रेंच लोक त्यालाच ‘इंग्लिश अंगरखा’ म्हणत, यावरून दोघांनाही ती वस्तू दुसऱ्याच्या नावावर टाकायची होती हे दिसतंच. पण संकोच असणं वेगळं आणि विक्रीला बंदी असणं वेगळं. मेसेजमध्ये या दोन्हींची सरमिसळ झाली आहे.

रबर आल्यावर माल स्वस्त झाला. चार्ल्स गुडइयर यांनी गंधकाच्या मदतीने रबर टिकाऊ करण्याच्या प्रक्रियेचं अमेरिकी पेटंट १८४४ साली घेतलं आणि १८५०च्या दशकात रबरी कंडोम बाजारात आले. १८६१ साली न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दैनिकात ‘डॉ. पॉवर यांचे फ्रेंच प्रतिबंधक’ अशी जाहिरात छापून आली. वर्तमानपत्र घरोघर जातं. यात चोरटेपणा कुठे होता?

तो आला नंतर, आणि त्याला जन्मतारीख आहे: ३ मार्च १८७३. त्या दिवशी अमेरिकेत कॉमस्टॉक कायदा मंजूर झाला. अश्लीलतेविरुद्ध मोहीम चालवणारे न्यूयॉर्कचे अँथनी कॉमस्टॉक यांनी त्यासाठी जंग जंग पछाडलं होतं. गर्भधारणा टाळण्याचं कोणतंही साधन, इतकंच नव्हे तर त्याची माहितीसुद्धा, टपालाने पाठवणं गुन्हा ठरला. शिक्षा सक्तमजुरीपर्यंत. पाठोपाठ अनेक राज्यांनी स्वतःचे कायदे केले. काहींनी विक्री रोखली, कनेटिकटने तर वापरही. कॉमस्टॉक स्वतः टपाल खात्याचे विशेष निरीक्षक झाले आणि खोट्या नावाने ऑर्डर पाठवून विक्रेत्यांना पकडू लागले. १८९० साली त्यांच्या तावडीत ज्युलियस श्मिट नावाचा जर्मन स्थलांतरित सापडला. तो आधी सॉसेजसाठी आतडी साफ करण्याच्या कामावर होता. उरलेल्या आतड्यांचे कंडोम घरी बनवून विकत होता. पुढे याच माणसाची कंपनी अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या कंडोम उत्पादकांपैकी एक झाली.

धंदा बंद पडला नाही, तो मागच्या दाराने चालू राहिला. जाहिरातींतले शब्द बदलले. ‘प्रतिबंधक’ गेलं आणि ‘पुरुषांसाठी रबरी वस्तू’, ‘आरोग्य साहित्य’ अशी नावं आली. काउंटरखालची विक्री आजोबा-पणजोबांच्या सभ्यतेतून उगवली नाही. पकडले जाण्याच्या भीतीतून उगवली.

‘ओळखू येऊ नये म्हणून डबीत लपवून देत.’

फोटोतल्या डबीवर मला मनापासून बोलायचं आहे, कारण ज्या वस्तूचा पुरावा म्हणून तो फोटो जोडला आहे तीच वस्तू मेसेजच्या उलट साक्ष देते.

१९२० आणि १९३०च्या दशकांत अमेरिकेत कंडोम लहान पत्र्याच्या डब्यांत मिळत. काही गोल, काही चौकोनी. बहुतेकांत तीन नग. आता या डब्यांवर काय असे ते बघा. ‘रॅमसीज’वर इजिप्तच्या फॅरोचं नाव आणि तिकडची चित्रं. ‘शेख’वर वाळवंटातला शेख. ‘पीकॉक’वर रंगीत पिसाऱ्याचा मोर. ‘थ्री पायरेट्स’वर तीन समुद्री चाचे. ‘रोमिओ’, ‘स्फिंक्स’, ‘ट्रोजन’. ‘मेरी विडोज’ या डबीच्या झाकणावर तर तीन बायकांची नावं होती, आत असलेल्या तीन नगांना उद्देशून. लपवायचं असतं तर डबी कोरी ठेवली असती. इतक्या रंगांचं छपाईकाम पत्र्यावर करायला पैसे पडतात. ते कुणी लपवण्यासाठी खर्च करत नाही. ही डबी ओळखू यावी, लक्षात राहावी आणि पुढच्या वेळी नाव घेऊन मागता यावी म्हणून केलेली आहे.

ब्रँडची एवढी गरज का पडली? दर्जा अत्यंत बेभरवशाचा होता म्हणून. बंदीच्या काळात कोण काय विकतो यावर कुणाचाच वचक नव्हता. औषधांच्या दुकानांबरोबरच पेट्रोल पंप, न्हाव्याची दुकानं, बिलियर्ड्सचे अड्डे, फेरीवाले असे सगळेच विकत होते. कारखान्यात नाकारलेला सदोष मालही स्वस्तात बाहेर पडायचा. भोक पडलेला कंडोम घेऊन फसलेला ग्राहक तक्रार कुठे करणार? ज्या वस्तूची विक्रीच कायद्याच्या कडेवर उभी आहे, तिच्यासाठी ग्राहक म्हणून दाद मागता येत नाही. अशा बाजारात डबीवरचं नाव हाच एक आधार उरतो.

या नावावरूनच एक महत्त्वाचा खटला उभा राहिला. मर्ल यंग्स यांची यंग्स रबर कंपनी ‘ट्रोजन’ विकत होती आणि आपला माल फक्त औषधविक्रेत्यांमार्फत द्यायचा असं तिचं धोरण होतं. ‘सी. आय. ली अँड कंपनी’ने त्याच नावाने कंडोम विकायला सुरुवात केली. यंग्स कोर्टात गेले. समोरच्यांचा बचाव असा: हा धंदाच बेकायदा, मग बेकायदा वस्तूचा ट्रेडमार्क कसला? १९३० साली न्यूयॉर्कमधल्या केंद्रीय अपील कोर्टाने तो बचाव मान्य केला नाही. कंडोमचा एक कायदेशीर उपयोग आहे, रोग टाळणं. त्यामुळे त्याचा सगळा व्यापार बेकायदा धरता येत नाही आणि नाव चोरणाऱ्याला मोकळं सोडता येत नाही. ही केस दोन व्यापाऱ्यांच्या भांडणाची, पण तिने कंडोम कंपन्यांच्या पायाखाली पहिल्यांदा पक्की जमीन दिली.

डबीचा दुसरा उपयोग अगदी व्यवहारी होता. तेव्हाचे कंडोम कोरडे असत. गुंडाळलेले किंवा घडी घातलेले रबर खिशात चुरगळू नये, उन्हा-उजेडात पडू नये यासाठी टणक आवरण हवंच होतं. त्यातही लेटेक्स येण्यापूर्वीचं रबर फार लवकर खराब व्हायचं. कच्चं रबर पेट्रोल किंवा बेंझीनमध्ये विरघळवून त्यात साचे बुडवत. काम करताना आगीचा धोका कायम, आणि तयार माल काही महिन्यांत ठिसूळ. १९२०च्या दशकात रबराच्या झाडाचा चीक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या रबराच्या कणांचं दूध (हेच लेटेक्स), थेट वापरायची पद्धत आली. काचेचे साचे त्यात बुडवायचे, वाळवायचे. विरघळवण्यासाठी ज्वालाग्राही द्रव नको, पापुद्रा पातळ, ताकद जास्त, आणि टिकण्याचा काळ महिन्यांवरून वर्षांवर गेला.

पुढे डब्या गेल्या. त्या जाण्याचं एक कारण कंडोम ओला झाला. ड्युरेक्सने १९५७ साली वंगण लावलेला कंडोम आणला. ओलावा धरून ठेवायचा आणि हवा आत येऊ द्यायची नाही, हे झाकणाच्या डबीला किंवा कागदी पाकिटाला जमत नाही. प्रत्येक नग वेगळा, चारही बाजूंनी सील केलेला, फॉइलच्या थराचा, ही आजची चौकोनी पुडी त्या गरजेतून रुळली.

‘मूल टाळण्याचा विचार मनातही नसे, म्हणून “फक्त रोगप्रतिबंधासाठी”.’

वर सांगितलेला १९३०चा निकाल लक्षात घेतला की या वाक्याचं कोडं आपोआप सुटतं. त्याच्या आधी, १९१८ साली, संततिनियमनाच्या अमेरिकी कार्यकर्त्या मार्गारेट सँगर यांच्या खटल्यात न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाचे न्यायमूर्ती फ्रेडरिक क्रेन यांनी सँगर यांची शिक्षा कायम ठेवली, पण सोबत एक खिडकी उघडली: रोग बरा करण्यासाठी किंवा टाळण्यासाठी डॉक्टर अशी साधनं सुचवू शकतात. म्हणजे तीच वस्तू, त्याच दुकानात, त्याच माणसाला. ‘रोग’ म्हटलं तर औषध, ‘मूल नको’ म्हटलं तर गुन्हा. मग उत्पादक डबीवर काय छापणार? ‘फक्त रोगप्रतिबंधासाठी विक्री’ हे वाक्य म्हणजे कंपनीने वकिलाला विचारून घेतलेली ढाल होती. ग्राहक मनात काय धरून डबी घेतो, याचं ते वर्णन नव्हतंच.

आणि ग्राहकाच्या मनात काय होतं ते कळायला इतर पुरावे भरपूर आहेत. चार्ल्स नोल्टन या अमेरिकी डॉक्टरने १८३२ साली संततिनियमनाच्या उपायांवर पुस्तिका काढली आणि तुरुंगवास भोगला. तीच पुस्तिका लंडनमध्ये पुन्हा छापली म्हणून १८७७ साली चार्ल्स ब्रॅडलॉ आणि अ‍ॅनी बेझंट यांच्यावर खटला झाला. होय, त्याच अ‍ॅनी बेझंट. खटल्यामुळे ती पुस्तिका इतकी गाजली की हजारोंनी खपली. अमेरिकेतल्या गोऱ्या स्त्रियांचं सरासरी बाळंतपणांचं प्रमाण १८०० च्या सुमारास सात होतं, १९०० पर्यंत ते साडेतीनच्या आसपास आलं. हे एकट्या कंडोममुळे झालं नाही, पण मुलं मोजून व्हावीत असं वाटणाऱ्या जोडप्यांशिवाय हे घडूच शकत नाही. १९२१ साली मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये संततिनियमनाचं केंद्र उघडलं. त्याच वर्षी मुंबईत र. धों. कर्व्यांनी आपलं केंद्र सुरू केलं आणि त्यापायी नोकरीपासून प्रतिष्ठेपर्यंत सगळं पणाला लावलं. ज्या विचारासाठी माणसं तुरुंगात गेली, कोर्टात उभी राहिली, तो ‘मनातही नव्हता’ असं लिहिणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. मेसेजमधलं हे वाक्य मला सर्वांत जास्त लागलं.

कॉमस्टॉक कायद्याच्या या भागाला १९३६ साली मोठं खिंडार पडलं, तेही एका पार्सलमुळे. जपानहून आलेली गर्भनिरोधक साधनं कस्टमने अडवली होती. कोर्टाने सांगितलं की डॉक्टरांसाठी येणारं असं साहित्य अडवता येणार नाही. त्यानंतर सरकारी अन्न आणि औषध प्रशासनानेही कंडोमच्या दर्जाकडे लक्ष वळवलं आणि सदोष माल जप्त होऊ लागला. वस्तू उजेडात आल्यावरच तिची तपासणी सुरू झाली, हा क्रम नीट पाहण्यासारखा आहे.

‘उघड विक्री, जाहिराती, मशीन ही १९६० नंतरची.’

बर्लिनमध्ये ज्युलियस फ्रॉम यांनी मशीन बसवली ती १९२८ साली.

फ्रॉम यांची गोष्ट थोडी थांबून सांगायला हवी. पोलंडमधून लहानपणी आलेलं गरीब ज्यू कुटुंब; घरात सिगारेटी वळण्याचं काम. त्यांनी संध्याकाळच्या वर्गात रसायनशास्त्र शिकून घेतलं, १९१४ साली रबराचा व्यवसाय सुरू केला आणि १९१६ च्या सुमारास ‘फ्रॉम्स अ‍ॅक्ट’ हा शिवण नसलेला कंडोम आणला. तीन-तीनची पाकिटं, प्रत्येक नगाची तपासणी, आणि ठळक ब्रँड. जर्मनीत ‘फ्रॉम्स’ हा शब्दच कंडोम या अर्थी रूढ झाला. ग्राहकाच्या संकोचावर त्यांनी काढलेला तोडगा मला फार समजूतदार वाटतो: पाकिटात एक चिठ्ठी असे. तोंडाने न बोलता ती पुढच्या वेळी दुकानदारापुढे सरकवायची. तीन फ्रॉम्स द्यावेत, अशी विनंती तिच्यावर छापलेली. ग्राहक लाजतो हे त्यांनी ओळखलं, त्याला हिणवलं नाही आणि माल काउंटरखाली नेण्याची वेळही येऊ दिली नाही.

मग १९३३ नंतर नाझी राजवट. १९३८ साली फ्रॉम यांना कारखाना मातीमोल किमतीत विकायला भाग पाडलं गेलं. घेणारी होती बडा नाझी नेता हेर्मान ग्योरिंग याची धर्ममाता, आणि त्या बदल्यात ग्योरिंगच्या पदरात दोन किल्ले पडले. फ्रॉम लंडनला गेले आणि युद्ध संपल्यावर काही दिवसांतच, मे १९४५ मध्ये, वारले. कंडोमच्या इतिहासात नीतीचा ऱ्हास शोधायचाच असेल तर तो या सौद्यात दिसतो.

इंग्लंडमध्ये लंडन रबर कंपनीने ‘ड्युरेक्स’ हे नाव १९२९ साली नोंदवलं. टिकाऊपणा, विश्वासार्हता आणि उत्कृष्टता या तीन इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून ते जुळवलं होतं. औषधांच्या दुकानांइतकाच न्हावी हा तिथला हक्काचा विक्रेता. केस कापून झाल्यावर गिऱ्हाइकाला ‘वीकेंडसाठी काही हवंय का?’ असं विचारण्याची रीत इतकी पसरली की तो वाक्प्रचारच झाला. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने सैनिकांना कंडोम दिले नाहीत, संबंधानंतरच्या औषधोपचारावर भर ठेवला. दुसऱ्या महायुद्धात मात्र सरकारनेच ते पुरवले आणि वापरायला बजावलं. सैन्याला सरकार जे वाटतं, ते चोरटं राहत नाही.

१९६० नंतरचा काळही मेसेज म्हणतो तसा सरळ उघडा झालेला नाही. भारतात १९६८ साली ‘निरोध’ आला तेव्हा तो वाटण्यासाठी चहा, साबण, सिगारेट आणि बॅटरी विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांचं वितरणाचं जाळं वापरलं गेलं. सरकारी वस्तू खासगी व्यापाराच्या वाटेने नेण्याचा इतका मोठा प्रयोग जगात आधी झाला नव्हता. उलट, आयर्लंडमध्ये १९३५च्या कायद्याने गर्भनिरोधकांची विक्री आणि आयात बंद होती. १९७१ साली डब्लिनच्या स्त्रियांनी आगगाडीने बेलफास्टला जाऊन गर्भनिरोधकं विकत आणली आणि परतल्यावर स्टेशनात कस्टमच्या अधिकाऱ्यांसमोर ती उघड दाखवली. १९७९ साली तिथे कंडोमला परवानगी मिळाली, पण डॉक्टरच्या चिठ्ठीवर! १९९१ साली डब्लिनमधल्या एका संगीताच्या दुकानात कंडोम विकले म्हणून कुटुंबनियोजन संघटनेला दंड झाला, आणि तो यूटू या बँडने भरला. अमेरिकेत कंडोम फक्त फार्मासिस्टने विकायचे, ते मांडून ठेवायचे नाहीत आणि त्यांची जाहिरात करायची नाही, असा न्यूयॉर्क राज्याचा नियम होता. सर्वोच्च न्यायालयाने तो १९७७ साली रद्द केला. टपालाने जाहिरातपत्रकं पाठवण्यावरची बंदी उठली १९८३ साली, आणि तो खटला लढली होती तीच ‘ट्रोजन’वाली यंग्स कंपनी. फ्रान्सने कंडोमच्या जाहिरातींना मोकळीक दिली १९८७ साली, एड्सची साथ दारात आल्यावर.

म्हणजे १७७० च्या सुमारास लंडनमध्ये उघड, १८६१ साली न्यूयॉर्कमध्ये उघड, १८७३ नंतर तिथेच बंद, १९२८ साली बर्लिनमध्ये मशीन, १९७० च्या दशकात आयर्लंडमध्ये चिठ्ठी. ‘आधी लाज, मग निर्लज्जपणा’ अशी एकच सरळ रेघ यातून कशी काढणार?

‘एक्स्पायरी डेट ही युक्ती, पूर्वी धुऊन वापरत आणि काही बिघडत नसे.’

धुऊन वापरत, हे खरं. आतड्याचा कंडोम महाग होता, तो स्वच्छ करून पुन्हा वाळवत. एकोणिसाव्या शतकातला रबरी कंडोम जाड होता, त्याला बाजूने शिवण असे. तो धुऊन, पावडर लावून, गुंडाळून ठेवत. पण ‘काही बिघडत नसे’ याला आधार नाही. असे कंडोम फाटत, शिवणीत उसवत, निसटत. धुताना पडलेलं सूक्ष्म भोक डोळ्यांना दिसत नाही. त्या काळात गुप्तरोगांचं आणि नको असलेल्या गर्भारपणांचं ओझं काय होतं, ते वर आलेल्या सगळ्या खटल्यांच्या आणि चळवळींच्या मुळाशी आहे. आजचा कंडोम त्या मानाने कितीतरी पातळ, आणि एकदाच वापरण्यासाठी केलेला. तो धुतल्यावर त्याची ताकद उरल्याची कसलीच हमी नाही.

आता तारखेबद्दल. लेटेक्स म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्या, गंधकाने एकमेकींना बांधलेल्या. प्राणवायू, ओझोन, उष्णता आणि अतिनील किरण या साखळ्या हळूहळू तोडतात. रबर बँड वर्ष-दोन वर्षं पडून राहिला तर चिकट होतो किंवा ताणताच तुटतो, ते याच कारणाने. फॉइलची पुडी प्राणवायू आणि उजेड अडवते, म्हणून आतला कंडोम वर्षानुवर्षं टिकतो. पण कायमचा नाही. कंडोमच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा क्रमांक आयएसओ ४०७४. त्यानुसार कोणत्याही उत्पादकाला पाच वर्षांपेक्षा जास्त मुदत छापता येत नाही, आणि छापलेली मुदत चाचणीने सिद्ध करावी लागते. नमुने ७० अंश सेल्सियसला ७ दिवस ठेवून मग हवेने फुगवतात. ठरावीक आकारमानाच्या आणि दाबाच्या आत फुटला तर तो नापास. रुंदीनुसार ही किमान मर्यादा १६ लिटर आणि त्याहून जास्त आहे. भोकं शोधण्यासाठी आत ३०० मिलिलिटर पाणी भरून गळती तपासतात. याशिवाय मुदत संपेपर्यंत नमुने साध्या तापमानाला ठेवून त्यांची ताकद पाहायची असते. कमाई वाढवायची म्हणून तारीख अलीकडे ओढली, असं यात घडत नाही. पाच वर्षं ही वरची मर्यादा आहे, आणि शुक्राणूनाशक लावलेल्या कंडोमची मुदत त्याहूनही कमी असते.

शिवाय तारीख खरी ठरते ती पुडी नीट ठेवली तरच. पैशाच्या पाकिटात महिनोन् महिने दाबून ठेवलेली, गाडीच्या कप्प्यात उन्हाने तापलेली पुडी मुदतीच्या आतही निकामी होऊ शकते. खोबरेल, पेट्रोलियम जेली, बेबी ऑइल, कोल्ड क्रीम यांपैकी काहीही लेटेक्सला लावू नये. १९८०च्या दशकाच्या शेवटी झालेल्या चाचण्यांत खनिज तेल लागल्यावर अवघ्या ६० सेकंदांत लेटेक्स कंडोमची बहुतांश ताकद गेलेली आढळली होती. पाण्यावर किंवा सिलिकॉनवर आधारलेलं वंगण चालतं.

तेव्हा पुडी हातात घेतल्यावर आधी तारीख वाचा. मग ती दोन बोटांत हलकेच दाबा. आत हवेची उशी जाणवली आणि कंडोम वंगणावर इकडेतिकडे सरकला तर सील शाबूत आहे. उशी जाणवली नाही, पुडी चपटी किंवा चिकट लागली, किंवा उघडल्यावर कंडोम कडक, कोरडा, रंग उतरलेला दिसला, तर तो टाकून द्या आणि दुसरा घ्या. पुडी कात्रीने किंवा दातांनी न उघडता कडेला दिलेल्या खाचेतून फाडा.